दोन्या होविताच्या घरचा नववा नियम

परक्या भाषेचा प्रवेश माणसात कानातून होत नाही, पोटातून होतो. ज्याला भाकरी हवी असते त्यालाच क्रियापद लागतं. अँटिग्वा गावातल्या 'ला पासिएन्सिया' स्पॅनिश भाषा विद्यालयाची उभारणी याच तत्त्वावर झाली आहे, आणि सदर तत्त्वावर आजवर कुणीही उपाशी राहिलेलं नाही. (चार आठवड्यांत स्पॅनिश शिकण्याची खात्रीची पद्धत या लेखाच्या शेवटी दिली आहे. वाचकांनी धीर धरावा.)

विद्यालयाची पद्धत अशी. परदेशी विद्यार्थी सकाळी वर्गात शिकतो आणि उरलेला दिवस एका गावकरी कुटुंबात राहून, जेवून शिकतो. ज्या घराला हा मान मिळतो त्याच्या दारावर 'यजमान कुटुंब' अशी पितळी पाटी लागते. दोन्या होविताच्या (दोन्या म्हणजे बाई) दारावर ती एकोणीस वर्षं आहे. रोज सकाळी गावामागचा ज्वालामुखी धूर सोडतो आणि दोन्या होविता पाटी पुसते. दोघांपैकी कुणाचाही खाडा नाही.

एकोणीस वर्षांत दोनशे अकरा विद्यार्थी झाले. पैकी दोनशे आठ उत्तम मान डोलवायला शिकले. दोघांच्या मानेला दुखणं होतं. एकाला स्पॅनिश आधीच येत होतं, तो फसवणूक करून शिरला होता.

मान डोलावण्याला विद्यालयाच्या कागदपत्रांत 'आकलन' म्हणतात.

पाटीबरोबर नियम येतात. नियम चौथा: विद्यार्थ्याला जो काळ शिकवून झाला असेल, घरच्यांनी त्याच काळात बोलावं. पहिल्या आठवड्यात फक्त वर्तमानकाळ असतो. त्यामुळे दर नव्या विद्यार्थ्याला भिंतीवरचा फोटो दाखवत दोन्या होविताला सांगावं लागतं, "हे माझे वडील. ते मरतात." एक जपानी मुलगी हे ऐकून डॉक्टर आणायला रस्त्यावर धावली होती. वडील अशा रीतीने दोनशे अकरा वेळा गेले, आणि दर वेळी होविताला थोडं वाईट वाटलंच. दुसऱ्या आठवड्यात भूतकाळ आला की ते एकदाचे शांत होत. भविष्यकाळ पाचव्या आठवड्यात शिकवतात. विद्यार्थी चौथ्यातच परत जात असल्याने या घराला भविष्यकाळ नव्हता.

पण खरा कस नवव्या नियमाचा. त्यात लिहिलं होतं: 'यजमान कुटुंबाने विद्यार्थ्यासमोर फीहेसे के हे शब्द उच्चारू नयेत. त्यांचं भाषांतर होत नाही, सबब ते व्याकरण नव्हे.'

आता फीहेसे के म्हणजे शब्दशः 'लक्षात घ्या की'. प्रत्यक्षात 'बघा ना, त्याचं झालं असं की…' शिंप्याने हे दोन शब्द काढले की पँट शिवून झालेली नाही, हे कळतं. नवऱ्या मुलाच्या काकाने काढले की नवरा मुलगा येत नाही. पुढचं वाक्य कुणी बोलत नाही, कुणी मागतही नाही. ऐकणाऱ्याने फक्त "असू द्या हो, मनाला लावून घेऊ नका" म्हणायचं असतं. या दोन वाक्यांवर देश चालतो.

नियम नऊमुळे होविताच्या घरात प्रत्येक वाक्याला कर्ता आला. 'फीहेसे के, गॅस…' म्हणून सुटता येईना. "मी गॅस संपवला," असं तिला ताठ उभं राहून सांगावं लागे. तिचा नवरा चेपे जेवणाच्या टेबलावर रोज इतके गुन्हे कबूल करी, की चर्चमध्ये सांगायला त्याच्याकडे काही उरत नसे. "तुझा नवरा संत झाला की काय?" असं खुद्द पाद्रीबाबांनी तिला विचारलं होतं.

अशा या घरात दोनशे बारावा विद्यार्थी आला, तोर्बेन. डेन्मार्कचा, एकसष्ट वर्षांचा, लिफ्ट तपासणी खात्यातून निवृत्त. स्वभावाने लोणी. काळा घेवडा वाढला, मान डोलावली. घेवड्यात मीठ राहिलंय का विचारलं, मान डोलावली. रविवारी पाद्रीबाबांनी चाळीस मिनिटं गाऊन प्रवचन केलं. गावकरी डुलक्या घेत होते आणि तोर्बेन एकटा शब्दाशब्दाला मान हलवत होता. "असा श्रोता मला आयुष्यात मिळाला नाही," पाद्रीबाबा होविताला म्हणाले. "या जिवाला माझं सगळं कळलं."

तीन आठवड्यांत तोर्बेन एक वाक्य बोलला नव्हता.

आणि नियम चौदावा स्पष्ट होता: चौथ्या शुक्रवारी परीक्षक घरी येईल. विद्यार्थी स्वतःच्या तोंडाने एक वाक्य बोलला नाही, तर पाटी काढण्यात येईल.

समोरच्या घरातल्या दोन्या निकोलासाला हे कळलं होतं. तिने आपल्या दाराला चार स्क्रू आधीच बसवून घेतले.

"दार मोकळं मोकळं वाटत होतं गं," ती रस्त्यापलीकडून म्हणाली.

"चांगले दिसतायत," होविता म्हणाली. "टोप्या अडकव."

घरात येऊन मात्र ती तोर्बेनसमोर बसली. "लेकरा," ती एकसष्ट वर्षांच्या त्या बाप्याला म्हणाली, "एक वाक्य बोल. 'मी सफरचंद खाल्लं' एवढंच बोल. रोज सकाळी ती पाटी पुसल्याशिवाय मला कॉफी गोड लागत नाही रे."

तोर्बेनने मान डोलावली.

गुरुवारी दुपारी तिने चेपेला चीज आणायला धाडलं. दीड तासाने तो हात हलवत आला. तोर्बेन झोपला आहे अशी त्याची समजूत होती. चेपेने टोपी काढून छातीशी धरली, मान तिरकी केली, लांब श्वास सोडला. "फीहेसे के, होविताबाई…" (एरवी तो अगं-तुगं करतो. गुन्हा मोठा असला की बायकोला अहो-जाहो करतो.)

"असू द्या हो," होविताच्या तोंडून सवयीने गेलं, आणि तिने त्याला कॉफी दिली. वर तळलेली केळीही दिली.

दारात तोर्बेन उभा होता. चीज न आणता माणूस परत आला आणि त्याला केळी मिळाली, हे त्याने डोळ्यांनी पाहिलं. चार आठवड्यांत पहिल्यांदाच त्याने वही उघडली.

शुक्रवारी परीक्षक लिसेन्सियादो (म्हणजे पदवीधर साहेब) ओवीदिओ आले. नववा नियम त्यांनीच लिहिलेला. टेबलावर पाना आणि पेचकस मांडून त्यांनी विचारलं, "तोर्बेन महाशय, मंगळवारी आपण वर्गात का नव्हता?"

(तोर्बेन मंगळवारी बागेत बसून आइसक्रीम खात होता. सगळ्या गावाने पाहिलं होतं.)

होविताने शालीखाली जपमाळ घट्ट धरली. तोर्बेनने टोपी काढली, छातीशी धरली, मान तिरकी केली. लांब श्वास सोडला.

"फीहेसे के, लिसेन्सियादो…"

आणि थांबला.

"असू द्या हो, मनाला लावून घेऊ नका," लिसेन्सियादो म्हणाले.

म्हणून झाल्यावर त्यांचा चेहरा उतरला. या घरात नववा नियम मोडला होता, हे उघड होतं. पण उत्तर इतकं पूर्ण होतं, की पुढे विचारायला काही शिल्लक नव्हतं. आइसक्रीमचं सुद्धा नाही. त्यांनी पेचकस उचलला, खाली ठेवला. पाटी काढायची तर तक्ता सतरा भरावा लागतो. त्यांनी पिशवी उपसली. डबा निघाला, छत्री निघाली. तक्ता सतरा काही निघेना.

लिसेन्सियादोंनी हळूच आपली टोपी काढली.

"फीहेसे के, दोन्या होविता…"

"असू द्या हो," ती म्हणाली. "कॉफी घ्या."

पाटी राहिली. निकोलासाच्या स्क्रूंवर हल्ली टोप्या असतात. तोर्बेनला सर्वोच्च श्रेणीचं प्रमाणपत्र मिळालं. शेऱ्यात लिहिलं आहे: 'उच्चार सदोष, श्वास निर्दोष.'

त्याचं विमान रविवारी होतं. रविवारी सकाळी तो बॅगेशिवाय स्वयंपाकघरात आला आणि त्याने टोपी काढली. होविताने पुढचं ऐकून न घेताच भाकरी तव्यावर टाकली. या गोष्टीला सात महिने झाले. पाचव्या आठवड्यात त्याला भविष्यकाळ शिकवण्यात आला, आणि त्या घरात एकोणीस वर्षांत प्रथमच कुणी विद्यार्थी म्हणाला, "उद्या चीज मी आणीन." होविता शालीचं टोक डोळ्याला लावून हसली. (चीज आलेलं नाही.)

आता राहिली ती चार आठवड्यांत स्पॅनिश शिकण्याची खात्रीची पद्धत, जी शेवटी देण्याचं कबूल केलं होतं. वाचकहो, बघा ना, त्याचं झालं असं की…

तुम्ही आत्ता मान डोलावलीत. आकलन म्हणून नोंद केली आहे.