ओळखा बरं, कोणता?

हटवार डॉक्टर माणसाला चेहऱ्यावरून ओळखत नसत. सुपेल्याच्या बाजारात कोणी नमस्कार केला की ते भाजीची पिशवी सावरत थांबायचे, समोरच्याकडे कोऱ्या नजरेने बघायचे आणि म्हणायचे, "दाखवा बरं." भिलाईत नवा आलेला माणूस गोंधळून जायचा. जुने लोक मात्र तिथेच, टमाट्यांच्या ढिगाशेजारी उभे राहून ओठ वर करायचे. मग डॉक्टरांचा चेहरा उजळायचा. "अरे! ऊपर का बायाँ, दूसरा नंबर! मिश्राजी! बिटिया पास हुई?"

माझे बाबा आणि डॉक्टर एकाच गावचे, भंडाऱ्याकडले. लहानपणी एकाच नाल्यात डुंबलेले. पण एका थंडीत बाबांनी तोंडाला मफलर गुंडाळला होता, तर डॉक्टरांनी त्यांनाही "जी, आप कौन?" असं विचारलं. बाबा त्यानंतर आठ दिवस त्यांच्याशी बोलले नाहीत. नवव्या दिवशी दाढ दुखायला लागली, म्हणून बोलले.

डॉक्टरांचा दवाखाना चौकात, सायकल दुरुस्तीच्या दुकानावर होता. दात काढायचं नाव काढलं की त्यांचं डोकं फिरायचं. "काढाले काय लागते? पक्कड तं खालच्या सायकलवाल्याकडेही हाये," असं म्हणून ते पेशंटला खुर्चीत दाबून बसवायचे. किडलेला, झिजलेला, टवका उडालेला कसलाही दात असो, तो भरून, घासून, शेजारच्या दातासारखा हुबेहूब करायचा, ही त्यांची जिद्द. पेशंट बहुतेक पोलादाच्या प्लांटचे. त्यांना ते प्लांटच्याच भाषेत समजावायचे. "शर्माजी, भट्टी तोड़नी नहीं है. खाली लायनिंग गई है. पॅचिंग करेंगे, दो दिन का शटडाउन." शर्माजीही गंभीरपणे विचारायचे, "और प्रोडक्शन कब से?" "परसों से. पहले खिचड़ी, फिर रोटी."

दाताचा रंग जुळवायला कंपनीची एक पट्टी मिळायची. ती त्यांनी खुंटीला टांगून ठेवली होती. "हे विलायती बत्तीशी हाये. पाव खाणाऱ्या लोकायची. आपण भात खाणारे!" त्यांच्या टेबलावर तांदळाच्या डब्या असायच्या. चिन्नोर, दुबराज, सफरी, गुरमटिया, शिवाय एका डबीत उकडा. अंगठा ओला करून त्यावर चार-पाच दाणे चिकटवायचे, पेशंटला खिडकीशी न्यायचं (कारण "ट्यूबलाइट खोटं बोलते") आणि अंगठा दाताशेजारी धरायचा. दाणा जुळला की त्या रंगाचा मसाला घोटायला घ्यायचा. जवळपासच्या खेड्यांतल्या बाया गुडाखू, म्हणजे गुळात कालवलेली तंबाखू, घासून घासून काळे केलेले दात घेऊन यायच्या. त्यांच्या दातांत डॉक्टर मसालाही तसाच काळपट भरायचे. एकीने पांढऱ्याचा हट्ट धरला, तर म्हणाले, "पूरा घर काला और एक दीवार सफेद? वो मैं नहीं करता." ती बाई रुसली आणि दोन महिन्यांनी आपल्या सुनेला घेऊन आली.

आता अशा कारागिराचं दुःख काय असेल? त्यांचं काम जितकं चांगलं, तितकं ते कोणाला दिसत नसे. आणि डॉक्टरांना तर आपलं काम लोकांना दाखवायची भारी हौस. त्यामुळे लग्न असो, बारसं असो, ते आपल्या एखाद्या पेशंटला गाठायचे, चारचौघांत त्याला तोंड उघडायला लावायचे आणि बाकीच्यांना विचारायचे, "ओळखा बरं, माझा कोणता?" लोक वाकून वाकून बघायचे, चुकायचे, आणि डॉक्टर टाळी वाजवायचे. ज्याचे दात, तो बिचारा घास हातात धरून उभा.

या माणसाच्या हातात माझं लग्न सापडलं.

अकरावीत असताना उन्हाळ्यात रिसालीच्या हातपंपावर माझ्या हातून दांडा सुटला, तो उसळून थेट तोंडावर आला. समोरचा एक दात अर्धा गेला. तेव्हापासून मी तोंडावर हात ठेवून हसायला शिकले. फोटोत मी ओठ मिटूनच असायची, आणि कॉलेजात माझं नाव 'मुकी' पडलं होतं. मी मुकी होते असं ज्यांना वाटलं, त्यांनी मला घरी ऐकलेलं नाही. पण तो दात मनाला लागला होता, हे खरं.

डॉक्टरांच्या त्या चारचौघांतल्या हौशीला घाबरून मी इतकी वर्षं त्यांच्याकडे फिरकले नव्हते, पण दुर्गचं स्थळ आलं तेव्हा आईने मला नेलंच. त्यांनी आधी माझ्या तोंडात प्लास्टरचा लगदा कोंबला आणि तुटक्या दाताचा साचा घेतला. हे त्यांचं दुसरं खूळ. "आधी साचा, मंग दुरुस्ती," हे ते इतक्यांदा म्हणायचे की खालचा सायकलवालाही पंक्चर काढताना तेच म्हणायला लागला होता. दवाखान्यात एक मोठं कपाट या साच्यांनी भरलेलं होतं. प्रत्येकाखाली पेन्सिलीने नाव. साच्याचं नंतर काय करतात, ते कोणालाच ठाऊक नव्हतं.

अंगठ्यावर चिन्नोर जुळला. तासाभराने त्यांनी माझ्या हातात आरसा दिला आणि मी माझा दात शोधत बसले. कोणता तुटला होता, ते मलाच जिभेने चाचपून बघावं लागलं. आई म्हणाली, "थोडा अजून पांढरा नाही होणार का?" डॉक्टर म्हणाले, "वहिनी, त्याच्या शेजाऱ्यायचा तं विचार करा." घरी येईपर्यंत मी रिक्षात बसून विनाकारण हसत होते.

आमच्याकडे मुलगी बघायच्या बैठकीत गावचा एक जाणता माणूस बसवायची रीत आहे. मुलीच्या घराण्याची साक्ष त्याने द्यायची. भिलाईत बाबांच्या गावचं दुसरं होतं कोण? मी आईच्या पाया पडले, "त्यायले नको बोलावू." आई म्हणाली, "बाबा त्यायले समजावून सांगतीन." बाबांनी समजावलं. डॉक्टरांनी आपल्या मृत आईची शपथ घेऊन सांगितलं, की दात या विषयावर आपण अवाक्षर काढणार नाही.

आणि खरंच, आलूबोंडे संपेपर्यंत ते गप्प होते. मुलगाही गप्प होता. मोठ्या मिशीचा, गंभीर, एकदाही हसला नाही. आईला तो फार पोक्त वाटला. मी चहाचा ट्रे घेऊन आले, नाव सांगितलं, शिक्षण सांगितलं, थोडं हसले. तेवढ्यात मुलाचे मामा म्हणाले, "पोरीचे दात तं मोत्यावानी हायेत हो."

डॉक्टर ताडकन उभे राहिले. मोती हा शब्द त्यांना सोसला नाही.

"मोती? कुठले मोती? चिन्नोर हाये तो! आता सांगा, यातला माझा कोणता?"

बाबांनी डोळे मिटले. मामांनी चष्मा लावला. मी ट्रे धरून तोंड उघडं टाकून उभी. मामा म्हणाले, "हा उजवा?" "चूक!" मुलाची आई पदर सावरत पुढे आली. "खालचा असंन." "चूक!" पाच मिनिटं माझ्या तोंडात पाहुण्यांची जत्रा भरली होती. शेवटी डॉक्टरांनी स्वतःच बोट दाखवलं आणि टाळी वाजवली. टाळी एकट्याचीच वाजली.

मुलाच्या वडिलांनी कप खाली ठेवला. "म्हणजे दात तुटका हाये. मंग आधी काऊन नाही सांगतलं?"

"तुटका होता," डॉक्टर म्हणाले, "आता नाही." पण त्यांचा आवाज खाली गेला होता. पाहुणे "कळवतो" म्हणून उठले. कळवतो म्हणजे काय, ते सगळ्या मुलींच्या आयांना ठाऊक असतं. मी आत जाऊन आरशासमोर उभी राहिले आणि इतक्या दिवसांनी पुन्हा तोंडावर हात ठेवला. रडताना.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई पदर खोचून निघाली. मला हाताला धरून ओढतच नेलं. जिन्यावरूनच तिने सुरुवात केली. "डॉक्टरभाऊ! माही पोरगी काय तुमच्या दवाखान्याची पाटी हाये? चार लोकायत तिचं तोंड उघडून दाखवाले लाज नाही वाटली?"

डॉक्टरांनी वळूनही बघितलं नाही. ते खिडकीशी एका पेशंटच्या तोंडाजवळ अंगठा धरून उभे होते. "वहिनी, बरं झालं आल्या. पाहा बरं, दुबराज वाटते का सफरी?"

आईने रागारागात डोकावून बघितलं आणि झटकन पदर डोक्यावर घेतला. पेशंट म्हणजे कालचा मुलगा होता. मिशी वर सारलेली, तोंडात कापूस, आणि मिशीखाली समोरचा दात माझ्यापेक्षाही जास्त तुटका. काल तो का हसला नाही, ते आत्ता कळलं.

तो कापसातून काहीतरी बोलला. "अं अं आं अं."

"तो म्हणून राहिला," डॉक्टरांनी सांगितलं, "की त्यानं कालच घरी सांगून टाकलं, पोरगी पसंत हाये. आणि आपलाही दात दाखवला. पहिल्यांदाच. बापाले माहीतच नव्हतं, बिचाऱ्याले."

मला हसू आवरलं नाही. हात वर न्यायचंही विसरले. तो खुर्चीतून माझ्याकडे बघत राहिला आणि त्याच्या तोंडातला कापूस खाली पडला. डॉक्टर त्याच्यावर खेकसले.

तो गेल्यावरही आई हलेना. "माह्या पोरीचा तो साचा द्या. लग्नाच्या आधी मले तो फोडून टाकाचा हाये."

डॉक्टरांनी निमूटपणे कपाट उघडलं. पन्नास-साठ तुटकी हसू ओळीने मांडलेली. माझा साचा खालच्या ओळीत होता. पण माझी नजर वरच्या ओळीतल्या पहिल्या खणावर गेली. त्याखाली 'सुमन' असं लिहिलं होतं आणि खण रिकामा होता. मला कुठे गप्प बसवतं? मी विचारलं, "काका, हा फुटला का?"

डॉक्टरांनी त्या रिकाम्या खणावरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "घेतलाच नाही. तुही काकू ते. समोरच्या दाताचा टवका उडाला होता तिचा, लहानपणी. मी पाहाले गेलो तं ते हासली आणि मी तिथंच हो म्हटलं. शिकून आलो तं पहिलं काम तिचंच केलं. फार चांगलं जमलं. ते खूष झाली. वरीसभरानं गेली." त्यांनी चष्मा पुसला. "फोटो हाये. पण फोटोत तोंड मिटलेलं हाये."

ज्या माणसाला चेहरे ओळखू येत नाहीत, त्याच्या घरी बायकोचा फक्त चेहरा उरला होता. मला त्या क्षणी त्यांचं अतोनात वाईट वाटलं, कालचं सगळं माफ करण्याइतकं.

त्यांनी टेबलाचा खालचा खण ओढला. आत प्लास्टरचे दात होते, तीस-चाळीस. सगळे एकाच दाताचे. कुठे टवका जास्त तिरपा, कुठे कमी. साऱ्या भिलाईचे दात हुबेहूब करणारा हा माणूस इतकी वर्षं हा एक दात आठवणीतून कोरत होता, आणि तो जमत नव्हता. त्यांनी त्यातले दोन उचलले, दोन तळहातांवर ठेवले आणि आईपुढे धरले.

"वहिनी, तुमी तं तिले पाहिलं होतं. ओळखा बरं... कोणता?"

आईने दोन्ही नीट बघितले. खिडकीशी नेऊन बघितले. मग डावा उचलला. "हा."

"हाच ना? मलेही हाच वाटे." डॉक्टर एकदम मोठ्याने म्हणाले, आणि तो दात दोन्ही हातांनी वरच्या पहिल्या खणात ठेवला. टाळी मात्र वाजवली नाही.

माझा साचा मागायचं आईच्या लक्षातच राहिलं नाही. तो अजून तिथेच असेल. रिक्षात बसल्यावर मी विचारलं, "आई, खरंच तोच होता?"

"मले काय माहीत बापा. सुमनचा दात तुटका होता, हेच मले आठवत नाही."

"मंग तोच काऊन सांगितला?"

"तो लय गुळगुळीत झाला होता," ती म्हणाली. "रोज तोच हातात घेत असतीन."