सुकदेवअप्पांच्या डोक्यातल्या मशिनी

"डोकं किती दुखतंय? शून्य ते दहामध्ये सांगा," असं आमचे डॉक्टर प्रत्येकाला विचारतात. सुकदेवअप्पा सांगतात, "चोवीस."

दहाच्या पुढे जाता येत नाही म्हटलं की भडकतात, आणि भडकले की अहिराणीवर येतात. "दहा कसं सांगू? डोकामा चोवीस मशीनी चालू शेतस!" सुरतेच्या गोडादरा भागात, कापडाच्या लूम कारखान्यात हयात गेलेला माणूस. दुखणंही मशिनींतच मोजतो.

इथल्याच एका छोट्या हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत मी नर्स आहे. अप्पा महिन्यातून एकदा तरी येतात, कपाळाला गमछा करकचून बांधून. सगळ्या तपासण्या झाल्या. निदान एकच, ताणाची डोकेदुखी. "मला कसला ताण? ताण धाग्याला असतो!"

आमच्या औषधांची परीक्षा मात्र अप्पाच घेतात. सलाईनमधलं पॅरासिटामॉल: "तासाभरात बारा बंद. माल बरा, पण स्लो." कमरेतलं इंजेक्शन: "अठरा बंद, पण बाकीच्या सहा आता खाली चालू झाल्या."

एकदा डॉक्टरांनी उलटी थांबवायचं इंजेक्शन काढलं. डोकेदुखीवरही ते चालतं. अप्पा ताडकन उठले. "उलटी? आमच्या खानदानात कोणाला झाली नाही!" तरी दिलंच. अर्ध्या तासात घोरायला लागले. उठले ते हसतच. "पूरा कारखाना बंद! दिवाळी!"

तेव्हापासून खोकला घेऊन आलेल्यालाही ते सांगतात, "भाऊ, उलटीवालं माग."

"अप्पा, औषध मी ठरवतो," डॉक्टर म्हणतात.

"ठरवा ना साहेब. मी फक्त नाव सुचवलं."

गेल्या मंगळवारी दुपारी एकच खाट रिकामी होती, तीही अप्पांनी येऊन धरली. तेवढ्यात यवतमाळकडची एक म्हातारी बाई आली. डोकं धरून रडत होती. सोबत कोणी नाही. सुई बघून तर थरथरायलाच लागली. अप्पा चटकन उतरले. "बस इथं, माय. माझं थांबलं." तिचा हात धरून ते तासभर स्टुलावर बसले. इंजेक्शनवर एक शब्द नाही. बाई शांत झोपल्यावर गुपचूप निघून गेले.

मी बाहेर आले तर अप्पा नळाखाली डोकं धरून उभे. डोळे लालभडक.

"अप्पा! थांबलं म्हणालात ना?"

"ती घाबरली होती, ताई." त्यांनी तोंड पुसलं. "मला पहिली सुई दिली ना तुम्ही, तेव्हा मीपण एकटाच होतो."

मी त्यांचा हात धरला आणि आत घेऊन आले.