दीक्षितकाकांचं इन्स्पेक्शन

आमच्या शेजारचे दीक्षितकाका घरी आलेल्या माणसाला पाणी विचारण्याआधी त्याची कॉलर उलटी करून बघतात. आतली शिवण तपासायची असते त्यांना. नवा माणूस दचकतो. आम्ही सोसायटीतले लोक आता आपणहून मान पुढे करतो. काका चष्मा कपाळावर चढवतात, शिवणीवरून बोट फिरवतात आणि निकाल देतात, "रिजेक्ट."

जन्मभर त्यांनी स्कूटरच्या कारखान्यात तयार माल तपासला. निवृत्त झाले तेव्हा कारखाना सुटला, तपासणी काही सुटली नाही. मंडईत ते मेथीची जुडी उजेडाकडे धरून न्याहाळतात. तिथली एक भाजीवाली तर समोर ढीग असतानाही त्यांना लांबूनच "मेथी संपली" म्हणून सांगते. कौतुकाचा त्यांचा सर्वांत मोठा शब्द म्हणजे "चालेल". काकूंच्या पुरणपोळीला तो मिळायचा म्हणे. काकू जाऊन बरीच वर्षं झाली. मूलबाळ नाही.

आमच्या रेवाशी मात्र त्यांचं चांगलं जमतं. रेवाला कपडे शिवायचं वेड आहे, आणि अंगावर टाचण्या लावून घेत निमूट उभा राहणारा माणूस तिला अख्ख्या पुण्यात हा एकच मिळाला. संध्याकाळ झाली की काका त्यांच्या हॉलमध्ये हात पसरून उभे. "काका, श्वास सोडू नका!" "सोडला नाही तर कपडा कुणाला घालशील?" तिचं पहिलं जाकीट घालून ते मंडईत गेले होते. एक बाही मनगटापर्यंत, दुसरी कोपरापर्यंत. कुणी हसलं तर शांतपणे सांगायचे, "सॅम्पल पीस आहे." घरी आल्यावर रेवाला म्हणाले, "रिजेक्ट. उसव."

बारावीनंतर रेवाने फॅशन डिझाइन करायचं जाहीर केलं. मी बाप असल्यामुळे ठरलेलं वाक्य टाकलं, "शिकून पुढे काय? ब्लाउज शिवणार?"

काका तिथेच चहा पीत होते. म्हणाले, "देशमुख, तुम्ही ऑफिसला शर्ट घालून जाता ना? तो झाडाला लागत नाही. कुणीतरी कापड निवडतं, कुणीतरी माप ठरवतं, कुणीतरी परदेशात विकतं. त्यांनाही पगार असतो."

मग कॉलेज निवडायचं काम त्यांनी न विचारता ताब्यात घेतलं. मला आणि बायकोला वाघोलीचं एक कॉलेज पसंत होतं. काचेची इमारत, आणि मुलगी रात्री घरी जेवायला. काका मला घेऊन तिथे गेले. समुपदेशक बाई गोड आवाजात म्हणाल्या, "शंभर टक्के प्लेसमेंट, सर."

"उत्तम. गेल्या वर्षीच्या चार मुलांचे फोन नंबर द्या."

बाईंनी कॉफी मागवली. कॉफी येईपर्यंत काका शिलाईच्या खोलीत जाऊन मशिनवरून बोट फिरवून आले. बोटावर धूळ होती. ते बोट त्यांनी बाईंना दाखवलं, मला दाखवलं आणि कॉफी न पिता निघाले. गेटसमोरच्या चहाच्या टपरीवर त्यांना तिथलाच एक माजी विद्यार्थी भेटला. नोकरी लागली होती, ते खरंच. विमा विकण्याची.

"काका, पण जवळ आहे हो," मी म्हणालो.

"जवळ तर मंडईही आहे. तिथे घालता का मुलीला?"

त्यानंतर काका बेंगळुरूला एका लग्नाला म्हणून गेले. काकांना आजवर कुणी लग्नाला बोलावल्याचं आम्हाला आठवत नव्हतं, कारण ते नवरदेवाची शेरवानी उलटी करून बघतील ही भीती सगळ्यांनाच. परत आले ते थेट आमच्याकडे, प्रवासाची बॅग खांद्यावर तशीच.

"बेंगळुरू," ते म्हणाले. "मुलं स्वतः कापड कापतात. मास्तर चुका दाखवतात. तिथून निघालेल्या मुलींशी बोललो. एक निर्यातीच्या कंपनीत आहे, एक नाटकांचे कपडे करते, एकीला वर्षभर काम नव्हतं, तेही तिने सरळ सांगितलं. तिथेच पाठवा. इथे ठेवू नका."

रेवाने आनंदाने उडी मारली. बायको डोळे पुसत आत गेली. आणि मला एकदम जाणवलं, की काकांनी वाघोलीला नुसतं "चालेल" म्हटलं असतं, तर ही पोर रोज संध्याकाळी यांच्या हॉलमध्ये असती. आम्ही कुणी हरकतही घेतली नसती.

काका निघाले. दारात थांबून चप्पल पायात नीट बसतेय का, हे उगाच बघत राहिले.

"देशमुख, सगळं विचारून आलो. हॉस्टेल, जेवण, मशिनी. एक तेवढं राहिलं." त्यांचा आवाज बारीक झाला होता. "दिवाळीला सुट्टी असते ना हो या मुलांना?"

मला काहीच माहीत नव्हतं. तरी ठासून सांगितलं, "असते. भरपूर असते, काका."