चालेल की चालेन

ताईचं पत्र आलं तेव्हा नाना स्वतःशी मोठ्या ऐटीत म्हणाले होते, "यात काय अवघड आहे? चहा होईपर्यंत उत्तर लिहून टाकतो." तो चहा झाला, पिऊन झाला, त्यानंतर वर्षभर रोज होत राहिला. उत्तर मात्र गेलं नाही.

पत्र साधंच होतं. भावोजी गेल्यापासून घर खायला उठतं, वरची खोली रिकामी आहे, तूही एकटा आणि मीही एकटी, तर इकडेच राहायला ये. शेवटी तिने लिहिलं होतं, 'चालेल का, तेवढं कळव.'

नानांना चालणार होतं. चालणार कसलं, पत्र वाचता वाचताच त्यांनी त्या वरच्या खोलीत मनातल्या मनात पुस्तकांची कपाटं लावूनही टाकली होती. पण नाना जन्मभर छापखान्यात मुद्रितं तपासत आलेले. दुसऱ्यांच्या चुका काढून काढून स्वतःच्या एकाही वाक्यावर त्यांचा भरवसा उरला नव्हता. 'आनंदाने येतो' लिहिलं तर आपण ट्रंक भरून दारातच बसलो होतो असं दिसेल. 'विचार करून कळवतो' लिहिलं तर ताई म्हणेल, भाव खातोय. 'तुला त्रास होणार नसेल तर' लिहिलं तर तिला एकदम आठवेल की याचा खरंच त्रास होतो. खोडता खोडता शेवटी एकच शब्द उरला. चालेल.

तो शब्द कार्डावर लिहून नाना पत्रपेटीकडे निघाले. शब्द जरा कोरडा तर वाटत नाही ना, हे पाहायला जिना उतरताना नाना तो पुटपुटत होते. "चालेल... चालेल."

नेमके त्याच वेळी खालच्या मजल्यावरचे मोजणीदार जिन्यात एक कागद चिकटवत होते. जमिनी मोजण्यात त्यांची नोकरी सरली होती. निवृत्तीनंतरही पाय घरात ठरेनात, म्हणून त्यांनी रानावनातून लांब लांब चालणाऱ्यांचं मंडळ काढलं होतं. कागदावर लिहिलं होतं, 'वर्षभर, दर रविवारी. कोण कोण चालेल?' मोजणीदारांना डाव्या कानाने कमी ऐकू येई आणि नाना आले ते डावीकडून. नाना म्हणाले 'चालेल', मोजणीदारांनी ऐकलं 'चालेन'.

एका अक्षराचा फरक! छापील कागदावर असता तर नानांनी तो झोपेतही पकडला असता. पण इथे मोजणीदारांनी त्यांची पाठ थोपटली, या वयात केवढी ही जिद्द म्हणून शेजाऱ्यांना हाका मारल्या आणि यादीत पहिलं नाव नानांचं घातलं. माझा तसा अर्थ नव्हता, असं म्हणायला धीर लागतो. नानांनी आयुष्यात कधी फळवाल्याला नासकं फळसुद्धा परत केलं नव्हतं. कार्ड खिशातच राहिलं आणि रविवारी नाना चालले.

पुढचे सगळे रविवार ते चालतच राहिले. पहिल्या दिवशी पायांना असे फोड आले की बूट काढताना नानांनी डोळे मिटून घेतले. दमलो म्हणायची लाज वाटे, म्हणून दम लागला की ते एखाद्या झाडाकडे टक लावून उभे राहत. मंडळात बोलबाला झाला की नाना पक्ष्यांचे मोठे जाणकार आहेत. हा कोणता पक्षी, असं कोणी विचारलं की नाना बराच वेळ वर बघून म्हणत, "सांगता येत नाही." इतका प्रामाणिक तज्ज्ञ कोणी पाहिला नव्हता. ते कायम सगळ्यांच्या मागे असत. त्यावरून मोजणीदारांनी ताडलं की हा माणूस मागे राहणाऱ्यांची काळजी घेतो, आणि नानांच्या गळ्यात शिट्टी अडकवली. एकदा नाना चिखलात गुडघ्यापर्यंत रुतले, तेव्हाही लोकांना उगाच त्रास नको म्हणून त्यांनी ती वाजवली नाही.

हळूहळू मात्र त्यांना ते आवडू लागलं. बांधावरून एकामागून एक चालताना कोणाशी बोलावं लागत नाही. ओढा ओलांडताना पुढचा माणूस न विचारता हात देतो, आणि आपलं त्याला ओझं झालं का, हा विचार मनात येईपर्यंत आपण पलीकडे पोचलेले असतो. चालता चालता नाना पुष्कळदा ठरवत, घरी गेलो की कार्ड टाकायचंच. पण घरी येईपर्यंत खिशातलं कार्ड घामाने किंवा पावसाने भिजलेलं असे. मग नवं कार्ड आणि पुन्हा नव्या शंका.

वर्षातली शेवटची चाल सगळ्यांत लांबची होती. ताईच्या गावाच्या अलीकडून जाऊन डोंगराकडे वळायचं होतं. उत्तर न देता तिच्या दारावरून जायचं या कल्पनेनेच नानांची झोप उडाली होती. पण रस्ता गावात शिरत नव्हता, म्हणून त्यांनी कसाबसा धीर धरला. मंडळातल्याच दातांच्या डॉक्टरीणबाईंची दुसरी तुकडी थोड्या वेळाने मागून येणार होती. तिच्यासाठी वळणावळणावर खडूने बाण काढायचं काम मोजणीदारांनी नानांना दिलं, कारण नानांचं अक्षर चांगलं.

वाटेतला पूल दुरुस्तीला काढलेला निघाला. मोजणीदारांनी शेतांमधून दुसरी वाट धरली. ती एका फाटकाशी आली आणि कुंपणाच्या कडेने उजवीकडे वळली. फाटकावर पाटी होती, 'कुत्र्यापासून सावध रहा'.

नाना थबकले. 'रहा'! र ला काना हवा. ते दोन पावलं पुढे गेले आणि परत आले. हातात खडू असताना चूक तशीच सोडून जायची म्हणजे काय? त्यांनी र आणि ह यांच्या खाली ठसठशीत काकपद काढलं, म्हणजे राहून गेलेलं अक्षर कुठे घालायचं ते दाखवणारी छापखान्यातली खूण, आणि वर एक सुबक काना दिला. त्या समाधानात उजवीकडचा बाण काढायचा राहून गेला.

काकपद दिसतं थेट वर टोक असलेल्या बाणासारखं.

मागून डॉक्टरीणबाईंची तुकडी आली. तिने बाण पाहिला, फाटक उघडलं आणि सरळ आत गेली.

भुंकणं ऐकून पुढची तुकडी धावत मागे आली, तेव्हा अर्धी माणसं गवताच्या गंजीवर होती आणि अर्धी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत. डॉक्टरीणबाई गंजीच्या टोकावर होत्या. खालच्या कुत्र्याने त्यांना आपले सगळे दात दाखवले होते आणि त्यातला एक सुळा किडलाय, असं त्या वरून सांगत होत्या. नाना फाटकाशी थिजून उभे होते. तेवढ्यात घरातून कडक आवाज आला.

"गुंड्या, खाली बस!"

नाना मटकन खाली बसले. लहानपणापासून या आवाजाला त्यांनी कधी उलट उत्तर केलं नव्हतं. कुत्रा मात्र भुंकतच राहिला.

दारातून ताई बाहेर आली. नाना दरवेळी बसने, पुढच्या रस्त्याने इथे आले होते. परसदाराची बाजू त्यांनी आयुष्यात पाहिली नव्हती. ताईने कुत्र्याची मान धरली, गंजीवरच्या माणसांकडे पाहिलं आणि फाटकाशी येऊन पाटी वाचली. काना पाहिला, काकपद पाहिलं. मग गवतात बसलेल्या भावाकडे वळली.

"ऊठ. मी कुत्र्याला सांगत होते."

नाना उठले. काहीतरी बोलायचं म्हणून म्हणाले, "ताई, तुझ्याकडे कुत्रा नव्हता."

"तुझं उत्तर आलं नाही. घरात कोणीतरी हवं होतं."

"आणि त्याला नाव माझं?"

"जिभेला तेच वळण होतं. फरक एवढाच, की हा हाक मारली की येतो."

गंजीवरून कोणीतरी फिसकन हसलं. नानांचे कान तापले. वर्षभर जिभेच्या टोकावर असलेला शब्द आता दातांपर्यंत आला. पण ताईने हात वर केला.

"तोंडी नको. मी लिहून विचारलं होतं, तू लिहून सांग. नाहीतर उद्या म्हणशील, माझा तसा अर्थ नव्हता."

एवढं बोलून ती सगळ्यांना पाणी द्यायला वळली. नानांनी हळूच विचारलं, वरच्या खोलीचं काय.

"तिथे हा झोपतो," ताई कुत्र्याकडे बघत म्हणाली. मग थोडं थांबून, "पण खाटेवर चढत नाही."

संध्याकाळी गावी परतल्यावर नाना घरी गेलेच नाहीत. कोपऱ्यावरच्या दुकानातून त्यांनी कार्ड घेतलं, दुकानदाराचंच पेन मागितलं आणि चिखलाच्या बुटांनी पत्रपेटीशी उभं राहून, कच्चा खर्डा न करता, एक शब्द लिहिला. खाली लिहिलं, 'तुझा गुंड्या (पहिला)'. पुन्हा वाचलं तर चूक सापडेल या भीतीने न वाचताच कार्ड आत सोडलं.

ते तळाशी पडल्याचा आवाज आला आणि नानांना शंका आली. आपण शेवटी 'ल' काढला की 'न'? त्यांनी फटीला डोळा लावून पाहिलं. आत अंधार होता.

'ल' असेल तर ताई खोली झाडून ठेवेल. 'न' असेल तर मागच्या फाटकाकडे डोळे लावून बसेल. नाना बराच वेळ पेटीशी उभे राहिले. मग त्यांच्या लक्षात आलं की चालत गेलं तर दोन्ही शब्द बरोबर ठरतात.

आता पुस्तकांच्या खोक्यांसाठी टेम्पो बघायला तेवढं मोजणीदारांना सांगावं लागणार होतं, आणि या वेळी उजव्या कानात.