पुढल्या आसनाची हकीकत

श्रीगजवदनाचे स्मरण करून, आणि वाटेतील यच्चयावत खड्ड्यांस दुरूनच दंडवत घालून, शके एकोणीसशे शेचाळीस, क्रोधी नाम संवत्सरे, मार्गशीर्ष मासी जे वर्तमान घडले ते जैसे कानी आले तैसे लिहितो. उणे-अधिक असेल ते ऐकणाराने पोटात घालावे.

चार चाकांचे एक लहानसे राज्य होते. उजव्या आसनी परागराव महाराज बसून चाक हाती धरीत, डावे आसन केतकीबाई राणीसाहेबांचे, आणि मागील सारा मुलूख राजकन्या ओवी, वय वर्षे दहा, हिजकडे; तिने तेथे उशा, चिवडा आणि चपला यांची दाट वस्ती वसविली होती. महाराज स्वभावे सालस, परंतु यंत्रांचा शौक मोठा. कचेरीत कोणी सांगावे आणि महाराजांनी मागवावे, ऐसे चाले. चाकांत हवा भरण्याचा पंप आला, मग रस्त्याची चित्रे टिपणारा कॅमेरा आला, मग मोबाइल धरून ठेवणारा चिमटा आला, आणि मोबाइलात बसून डावे-उजवे सांगणारी बाई तर होतीच. तिचे महाराज निमूट ऐकत, याचे राणीसाहेबांस नवल वाटे. त्या राज्यात जुनी चाल ऐसी, की गाडी हाकणाराच्या शेजारी बसेल त्याने डोळा मिटू नये, कारण शेजारची झोप चाकापर्यंत पोहोचावयास वेळ लागत नाही. सबब राणीसाहेब बारा वर्षे त्या आसनी जाग्या राहिल्या, आणि जागे राहावयाचे म्हणून बोलत राहिल्या. घरी दोघांचे बोलणे म्हणजे गॅस, दूध आणि शाळेची फी. मनातले जे काही, ते गाडीत. महाराज बोलण्यास बेताचे, ते नुसती मान डोलावीत.

आता मानेचा होकार म्हणजे वाऱ्यावरची वरात. राणीसाहेबांच्या मातोश्री इंदुताई समुद्रकाठच्या गावी एकट्या राहत. भाद्रपदात त्या न्हाणीत पाय घसरून पडल्या, आणि दूधवाला येईतो तशाच पडून राहिल्या. तेव्हापासून राणीसाहेबांच्या घशाखाली घास धड उतरेना. आईला आपल्या घरी आणावे, ही गोष्ट त्यांनी तीन प्रवासांत तीनदा काढिली, तीनही वेळा मान डोलली, आणि घरी आल्यावर महाराज म्हणाले, "मी कधी हो म्हटलं?" आणि खरेच, म्हटले नव्हतेच. म्हणून मार्गशीर्षात इंदुताईंच्या भेटीस निघते वेळी राणीसाहेबांनी मनाशी पक्के केले, की परतताना एक तर आई गाडीत असेल, नाही तर आपण आईपाशी राहू.

कूच करावयाचे तो महाराजांनी नवे यंत्र काढिले. सुपारीएवढे, कानामागे अडकवावयाचे. डुलकी लागून मान खाली गेली, की त्याने किंचाळावे. "आता तू खुशाल झोप," महाराज म्हणाले, "बारा वर्षं जागलीस. ते काम आता हे करील." राणीसाहेब "बरं" म्हणाल्या, परंतु त्यांस वाईट वाटले, बहुत वाईट वाटले. चाकरीवरून काढावे आणि वर शाल-नारळ द्यावा, तैसे जाहले.

मग दुपारी वाटेत पिठले, भाकरी आणि ताक ऐसे भरपेट भोजन जाहले, आणि स्वारी घाट उतरू लागली. ऊन मऊ पडले होते. दरीतून वर येते ते धुके की कोणा वाडीतल्या चुलींचा धूर, ते उमगेना. आधी साग सरले, मग ऐन सरले, मग खाली दूर माडांचे शेंडे दिसो लागले, आणि राज्य जागचे हलतच नाही, मुलूखच उलटा वाहत चालला आहे, ऐसे भासू लागले. चाकांचा सूर एकच. मागे ओवी निजली, आणि मोबाइलातील बाईसही कोसभर काही सांगावयाचे उरले नाही. राणीसाहेबांचे डोळे अर्धे मिटले. त्यांस आई दिसली, ओला हात पदराला पुसत, रस्त्यावर कोणाची गाडी वाजली म्हणून कान देऊन उभी. मग ती विरली आणि वळण दिसले, मग वळणावर पुन्हा तीच उभी दिसली, आणि गाडी तिच्याजवळून न थांबता गेली. तेव्हा झोपेत की जागेपणी, त्यांचे त्यांस ठाऊक नाही, राणीसाहेब बोलल्या, "अहो, आईला या खेपेला घेऊन जाऊ या ना."

महाराजांनी सवयीने मान डोलाविली, आणि यंत्र किंचाळले.

ओवी दचकून उठली. "बाबा, झोपलात?"

"नाही गं. तुझ्या आईला हो म्हणत होतो."

"कशाला हो?"

"काही नाही. नीज तू."

राणीसाहेबांची झोप आता पुरती उडाली. त्यांनी तेच पुन्हा विचारिले, मान पुन्हा डोलली, यंत्र पुन्हा ओरडले. मग तिसऱ्यांदा तेच. तेव्हा राजकन्या वैतागून बोलली, "बाबा, हो म्हणायचंय तर तोंडानं म्हणा ना. मला झोपू द्या."

महाराजांनी वळणापुढे चहाची टपरी पाहून गाडी उभी केली, कानामागचे यंत्र काढून खिशात घातले, आणि दोघे चहाचे पेले घेऊन कठड्यापाशी गेली. "तोंडानं का म्हणत नाही?" राणीसाहेबांनी पुसले. "आई जड होईल तुम्हाला?"

"जड नाही," महाराज म्हणाले, "त्या आल्या की पुढं बसणार. गुडघे दुखतात त्यांचे, त्यांना मागं कसं बसवायचं? म्हणजे तू मागं जाणार. घरात आपण काय बोलतो, तूच सांग. बाकी सगळं तू मला इथं सांगतेस. मी बोलत नाही, पण ऐकतो. सगळं ऐकतो मी."

बारा वर्षांत महाराज एका दमात इतके बोलले नव्हते. राणीसाहेबांस राग होता, तो गेला नाही. परंतु त्यात माया मिसळली आणि दोन्ही वेगळी करिता येईनात. त्या म्हणाल्या, "आणि तुम्हाला ऐकायला मिळावं म्हणून आईनं न्हाणीत पडून राहायचं?"

महाराजांनी मान खाली घातली. यंत्र खिशात होते, ते गप्प राहिले. मग उरली वाट दोघे काही बोलली नाहीत, आणि तरी राणीसाहेब जाग्याच राहिल्या, कारण अंगवळणी पडलेली चाकरी एका दिवसात सुटत नाही.

दिवस कलता मंडळी गावी पोहोचली, तो इंदुताई काठी टेकीत अंगणात आल्या, नातीच्या गालावरून हात फिरविला, घरात येऊन चहाला आधण ठेविले. राणीसाहेब आता बोलावे म्हणून शब्द जुळवीत होत्या, तो महाराजच पुढे जाहले.

"आई, सामान बांधा. आमच्याकडं चला, राहायला."

इंदुताईंनी आधी लेकीकडे पाहिले, मग जावयाकडे. "हिनं पढवून आणलंय, का तुम्ही म्हणताय, जावईबापू?"

"मीच म्हणतोय," महाराज म्हणाले. "गाडीतली पुढची जागा तुमची."

"पुढची कशाला, कुठंही बसेन मी," इंदुताई म्हणाल्या, आणि डोळे पुसण्यास पाठ फिरवून त्यांनी उगाच गॅस बारीक केला. राणीसाहेब दाराच्या चौकटीस धरून उभ्या राहिल्या. महाराजांनी काय देऊन टाकिले, ते त्या घरात एकट्या त्यांसच ठाऊक होते, आणि त्यांस रडू आवरेना.

तात्पर्य, येणेप्रमाणे राज्याची नवी मांडणी जाहली. इंदुताई पुढील आसनी बसतात, मोबाइलातील बाई डावे सांगू लागली की त्या उजवे सांगतात, आणि घाट लागला की सर्वांआधी त्याच घोरू लागतात. ओवीही निजते. मग महाराज मधल्या आरशात पाहतात, तेथे राणीसाहेब जाग्या असतात, आणि महाराज हळू आवाजात, मागे ऐकू जाईल इतपत, स्वतः बोलावयास लागतात. पुढील बोलणे त्या दोघांचे आहे, ते येथे लिहिले नाही.