मूळ हवा

शिंप्याच्या वडिलांची मोटार साठ वर्षांची झाली आणि तरीही ती चालत होती, हेच पुढच्या सगळ्या भानगडीचं मूळ होय. दर रविवारी शिंपी त्या मोटारीतून बायकोला घेऊन सासूबाईंकडे जाई आणि त्यांना नदीकाठाने एक फेरी मारून आणी. आठवडाभर खिडकीशी बसून काढणाऱ्या त्या म्हातारीला बाहेरचं जग दिसे ते एवढंच.

कुणीतरी शिंप्याच्या डोक्यात भरवलं, की अशा गाडीला जुन्या मोटारींच्या मंडळाची पितळी पाटी मिळते. झालं! गाडी लख्ख पुसून शिंपी तपासणीला हजर.

पांढरे हातमोजे घातलेल्या चिटणिसांनी विचारलं, "गाडी आणलीत कशी?"

"चालवत."

सभासद एकमेकांकडे बघू लागले. बाकी सगळ्या गाड्या ट्रकवर बसून आल्या होत्या.

"चालवल्याने मूळ भाग झिजतात," चिटणीस म्हणाले. "बरं, टायरमधली हवा तरी मूळ आहे ना?"

"हवा? ती दर आठवड्याला भरतो की!"

चिटणिसांनी चष्मा काढला. अध्यक्षांच्या गाडीत कारखान्यात भरलेली हवा अजून थोडी शिल्लक होती. टायर जितके बसके, तितके गुण जास्त.

"सहानुभूतीने विचार करू," ते म्हणाले. "आजची हवा मूळ धरतो. घरी नेली की वर्षभर गाडी हलवायची नाही. भोवती दोरी बांधा. आत कुणी बसायचं नाही, माणसाने गादी दबते."

घरी बायको कडाडली, "आणि आईचं काय?"

"अगं, वर्षाचा तर प्रश्न आहे!"

वर्षभरात टायर झकास बसले. इंजिनात उंदरांनी संसार थाटला. मंडळाने त्याची 'वापर नसल्याचा सबळ पुरावा' अशी नोंद घेतली आणि पाटी मंजूर केली. शिंप्याच्या अंगणातल्या समारंभाला सासूबाई दोन बस बदलून आल्या आणि सवयीने मागच्या दाराकडे वळल्या.

"आजी, दोरीच्या मागे," चिटणीस अदबीने म्हणाले.

"मग जावईबापू, आपली फेरी कधी?"

शिंप्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण हातात पाटी होती आणि फोटो व्हायचे होते. तो दोरीच्या आतच उभा राहिला.

हसताय? हसा की. फक्त कपाटातले ते पाहुण्यांसाठी ठेवलेले कप काढा आणि आजचा चहा घरच्यांना त्यातून द्या. जीव होत नाही ना? मग मंडळाच्या सभासदत्वाचे अर्ज कचेरीत फुकट मिळतात.