बाहेर गेलेला मुकुट

"चाळीस वर्षांत या नाट्यगृहातून एक टाचणीसुद्धा हरवलेली नाही," हे वाक्य कुलूपतात्या अशा गांभीर्याने उच्चारीत, की ऐकणाऱ्याचा हात नकळत आपल्या खिशाकडे जाई. रंगसाहित्याचे भांडार त्यांच्या स्वाधीन होते. लाकडी तलवारी, तीन सिंहासने, न वाजणारा टेलिफोन आणि दाढ्यांची पेटी या सर्वांची नोंद एका जाड वहीत असे. वस्तू बाहेर गेली की सही, परत आली की सही. नटाला मिशीदेखील सहीवाचून मिळत नसे.

त्यांचा एक नियम वेदवाक्याप्रमाणे अढळ होता : खरी वस्तू रंगमंचावर जायची नाही. त्यामागे इतिहास होता. फार पूर्वी संतापाच्या एका प्रवेशासाठी अध्यक्षांच्या घरून चिनीमातीची अस्सल फुलदाणी आणली होती, आणि नट मनापासून संतापला. त्या दिवसापासून वेशभूषेच्या खोलीत शिवणकाम करणाऱ्या तात्यांच्या पत्नी प्रत्येक मौल्यवान वस्तूची कागदाच्या लगद्यातून जुळी बहीण घडवून देऊ लागल्या. त्यांना सारे मावशी म्हणत. मावशींना जाऊन आता सहा वर्षे झाली होती. त्यांच्या हातचा एक मुकुट तेवढा अजून धडधाकट होता : बाहेरून सोनेरी वर्ख आणि काचेचे खडे, आतून मऊ कापसाची पट्टी. महिनाअखेर निवृत्त होताना तो मागून घ्यायचा, असे तात्यांनी ठरवले होते आणि व्यवस्थापकांनी त्यास होकारही दिला होता.

अशा वेळी त्या वयोवृद्ध नाट्यगृहावर एक आंतरराष्ट्रीय सौंदर्यस्पर्धा येऊन कोसळली. मोठ्या सभागृहाचे छत ऐन वेळी गळू लागले, हे त्याचे कारण.

एकतीस देशांच्या एकतीस सुंदरी, आणि रंगपटात आरसे पाच. पहिल्याच तालमीत असे आढळले की रंगमंचाच्या फळ्यांतील फटी उंच टाचांच्या मापाने घडवल्यासारख्या आहेत. दोन सुंदरी स्मित करीत जागच्या जागी खिळल्या. तिसरी सँडल फटीत ठेवून अनवाणी पुढे निघून गेली. तात्यांनी गुडघे टेकून साऱ्या फटी मेणाने भरल्या. दूरदेशी लोकांना सोहळा संध्याकाळी पाहता यावा, म्हणून आपल्याकडे तो भर दुपारी ठेवला होता. तेव्हा कौलांतून येणारी उन्हे अडवण्यासाठी जुने पडदे छतावर चढवावे लागले.

स्पर्धेचा मुकुट आला तो पांढरे हातमोजे घातलेल्या एका बाईंसह. मुकुट सांभाळणे हेच त्यांचे काम. त्यांना पाहून तात्यांना जत्रेत हरवलेली बहीण भेटल्यासारखे झाले. त्यांनी मुकुट लोखंडी कपाटात ठेवला, कुलूप तीनदा ओढून पाहिले आणि तीन दिवस कपाटासमोर स्टूल मांडून ते बसले. जेवणही तेथेच.

"बाबा, निदान पाठ तरी टेका," सूनबाई म्हणाली. ती परभाषा शिकवीत असे आणि स्पर्धेत दुभाषी म्हणून आली होती.

"पाठ टेकली की डोळा लागतो. डोळा लागला की मुकुट जातो."

अंतिम सोहळ्यात विंगेतून हाक आली, "तात्या, मुकुट." हातमोजेवाल्या बाई तेव्हा पहिल्या रांगेत होत्या. चाळीस वर्षांची सवय लागलेल्या हातांनी खरा मुकुट कुलपात ठेवला आणि मखमली उशीवर मावशींचा मुकुट मांडला. तात्यांच्या मनाला किंतु शिवला नाही. पडदा पडला की खरा स्वाधीन करायचा, इतकी त्यांची सरळ समजूत होती.

एका लहानशा बेटावरची उंच मुलगी जिंकली. प्रकाशझोतात काचेचे खडे असे झळाळले, की तात्यांना विंगेचा तो कोपरा आठवला. दातांत सुई धरून मावशी तेथेच उभ्या असत आणि दर प्रयोगाला पुटपुटत, "खडा पडला ना, तर मी आत येऊन शिवीन हो."

"बाबा, डोळे भरून बघून घ्या," सूनबाई कानाशी म्हणाली. "आता मागल्या दारानं थेट विमानतळ."

"कोण?"

"ती."

"आणि मुकुट?"

"डोक्यावर. वर्षभर तिच्याकडेच असतो."

तात्यांच्या पायांखालची मेण भरलेली फळी सरकली.

"काय झालं? मुकुट पडला का?"

"तो तुझ्या सासूचा आहे," तात्या म्हणाले आणि भांडाराकडे धावले.

खरा मुकुट कोटाखाली धरून ते मागल्या दारी पोहोचले, तोच भाड्याने आणलेल्या पहारेकऱ्याने हात आडवा घातला.

"पोटाशी काय आहे, आजोबा?"

"मुकुट."

"कुणाचा?"

"तिचा. हिचा तिच्या डोक्यावर आहे."

"मग तिचा तुमच्या पोटाशी कसा?"

चाळीस वर्षांत त्या नाट्यगृहात पकडला गेलेला पहिला चोर म्हणजे स्वतः तात्या.

व्यवस्थापक घाम पुशीत आले. "तात्या, अहो महिनाअखेरीची तरी वाट पाहायची."

मागोमाग हातमोजेवाल्या बाई आल्या. तात्यांनी खालमानेने सारे सांगितले, सूनबाईने भाषांतर केले. बाईंनी मुकुट हातात घेतला, तात्यांकडे पाहिले आणि त्या हसू लागल्या.

"त्या म्हणतात," सूनबाई अडखळली, "हाही नकलीच आहे. अस्सल त्यांच्या तिजोरीत असतो. खरी वस्तू त्या रंगमंचावर नेतच नाहीत."

तात्या पायरीवर बसले. "मग तीन दिवस मी कुणाची राखण केली?"

"पितळेची, बाबा."

एवढ्यात ती मुलगी मोटारीतून उतरली. डोक्यावरचा मुकुट काढून आतली पट्टी बोटाने चाचपीत तिने काही विचारले.

"ही पट्टी कुणी शिवली म्हणते. गेल्या वर्षीच्या राणीनं सांगितलं होतं, मुकुट कपाळ सोलतो म्हणून. हा तर टोचलाच नाही."

"सांग तिला, नाटकातल्या राणीला तीन अंक उभं राहावं लागतं. शिवणारीला ते ठाऊक होतं."

सूनबाईने तिला सारे सांगितले, तेव्हा मुलीने दोन्ही हातांनी मुकुट त्यांच्यापुढे धरला. तात्यांचे हात पुढे गेले. पट्टीचा शेवटचा टाका वाकडा होता, दृष्टी मंदावल्यावरचा. त्यावरून त्यांनी अंगठा फिरवला. भांडाराच्या अंधाऱ्या कपाटात हा मुकुट सहा वर्षे कोणाच्याच डोक्यावर चढला नव्हता.

"सूनबाई, वही आण."

बाईंची हरकत नव्हती. छायाचित्रांना पितळी, उभे राहायला हा. मुलीने सही केली, मुकुट चढवला आणि मोटार निघून गेली.

निवृत्तीनंतरही तात्या दर गुरुवारी नाट्यगृहात येत आणि नव्या माणसाला बजावीत, "चाळीस वर्षांत एक टाचणी हरवलेली नाही."

"आणि मुकुट, बाबा?" सोबत आलेली सूनबाई विचारी. "चार वर्षं झाली."

"तो हरवला नाही, बाहेर गेला आहे. सही आहे." आणि वही मिटता मिटता ते आवाज जरा खाली आणीत, "कुणाची आहे, तेवढं वाचता येत नाही."